चोवीस तासांचा सूट

वडिलांचा करड्या रंगाचा सूट आमच्या घरात पन्नास वर्षे होता. तो अंगात घातलेले वडील मी फार तर सहा-सात वेळा पाहिले असतील. दोन बहिणींची लग्ने, माझे लग्न, आणखी एखादा समारंभ. एरवी तो लोखंडी ट्रंकेत, जुन्या धोतरात गुंडाळून, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने पडून असे. दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले की आई तो गच्चीवर उन्हात घाली आणि कुणी विचारले की सांगे, "यांचा इंग्लिश सूट आहे. हाँगकाँगला चोवीस तासांत शिवून दिला." सूट इंग्लिश असेल तर तो हाँगकाँगला कसा शिवला, हा प्रश्न आम्हा भावंडांपैकी कुणालाच पडला नाही.

वडील मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. मुंबई, सिंगापूर, हाँगकाँग, कोबे आणि परत, असा त्यांचा फेरा. २०१३ साली ते गेले. पुढच्या वर्षी मी तो सूट आमच्या पेठेतल्या एका वयस्क टेलर मास्तरांकडे घेऊन गेलो. वडिलांची कंबर चौतीस, माझी अडतीस. मास्तरांनी पँट उलटी केली, मागची शिवण दोन बोटांत धरली आणि म्हणाले, "साहेब, माया भरपूर सोडलीय. दोन इंच तरी निघतील. कोटाचीही सोडली असणार. आता एवढी कोण सोडतो?" शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला शिंपी माया म्हणतात, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो.

मास्तरांनी कमरपट्टी उसवली. आतल्या सुती पट्टीवर पेन्सिलीने काही लिहिलेले होते. तीन उभ्या रेघा आणि एक फुली, आणि त्याखाली एक चिनी अक्षर. "हे कारागिराचं," मास्तर म्हणाले, "आम्हीपण लिहायचो, हिशेबासाठी." मी पँट तशीच उसवलेली घरी आणली. हा लेख त्या उसवलेल्या पट्टीवरून सुरू झाला आहे.

मी व्यवसायाने इतिहासकार नाही. वस्त्रोद्योगाचे शिक्षण घेतले, मुंबईच्या एका गिरणीत कापड तपासण्याच्या खात्यात होतो, आणि १९८२ च्या संपानंतर शिकवण्याकडे वळलो. त्यामुळे माझी सुरुवात कापडापासून होते. वडिलांच्या सूटाचे कापड वर्स्टेड आहे, म्हणजे विंचरून लांब केलेल्या लोकरीच्या पिळदार सुताचे. यॉर्कशरच्या हडर्सफील्ड परिसरातल्या गिरण्यांचे हे खास काम, आणि कापडाच्या काठात तसे विणलेलेही होते. तेव्हा आईच्या वाक्यातला 'इंग्लिश' हा शब्द कापडापुरता खरा होता.

हे इंग्लिश कापड विकत घ्यायला हाँगकाँग ही इंग्लंडपेक्षा सोयीची जागा होती. ब्रिटनमध्ये १९४१ ते १९४९ कपड्यांचे रेशनिंग होते. १९४० पासून परचेस टॅक्स लागू होता आणि तो पुढे १९७३ पर्यंत टिकला. निर्यातीच्या मालाला हा कर नसे. हाँगकाँग मात्र १८४१ पासून खुले बंदर. दारू, तंबाखू, तेल अशा मोजक्या वस्तू सोडल्या तर येणाऱ्या मालावर जकातच नाही. यॉर्कशरचे कापड अर्ध्या जगाला वळसा घालून कौलूनच्या दुकानात उतरे ते करांचा बोजा न घेता. शिलाई तर लंडनच्या तुलनेत नाममात्र. लंडनच्या सॅव्हिल रोवर एक सूट हातांनी शिवायला पन्नासहून अधिक तासांची मजुरी लागते आणि गिऱ्हाईक दोन-तीन महिने थांबते. वडिलांच्या कागदांत बिल सापडले. कापड आणि शिलाई मिळून १८५ हाँगकाँग डॉलर. त्या वेळी एका पौंडाला १६ हाँगकाँग डॉलर पडत, म्हणजे साडेअकरा पौंड. आपल्या तेव्हाच्या रुपयांत दीडशेच्या थोडे वर.

त्याच बिलाने चोवीस तासांची कथाही मोडून टाकली. ऑर्डरची तारीख १२ मे १९६४, डिलिव्हरी १४ मे. अठ्ठेचाळीस तास! आईला हे सांगायची संधी मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी तिने मानले नसते.

बिलावर दुकानाचे नाव एखाद्या इंग्लिश उमरावाला शोभेल असे आहे. सही मात्र देवनागरीतही नाही आणि इंग्रजीतही नाही. अरबी वळणाची, उजवीकडून डावीकडे जाणारी ती अक्षरे मी एका परिचितांना दाखवली, तर ते हसून म्हणाले, "अहो, हे सिंधी आहे."

इथून मामला आपल्या जवळ येतो. इंग्रजांनी सिंध जिंकला १८४३ मध्ये, आणि १८४७ पासून १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीची फाईल मुंबईला यायची. सिंधमधले हैदराबाद ही तालपूर मीरांची राजधानी. दरबार होता तोवर तिथल्या भाईबंद व्यापाऱ्यांना गिऱ्हाईक घरातच होते. दरबार बुडाला आणि त्यांनी सिंधी कारागिरांचा माल, म्हणजे भरतकाम, हाल्याचे लाखकाम, मुंबईत आणून गोऱ्या साहेबांना विकायला सुरुवात केली. या मालाला 'सिंध वर्क' म्हणत. त्यावरून व्यापाऱ्यांचे नावच पडले सिंधवर्की. क्लॉड मार्कोव्हिट्स या फ्रेंच इतिहासकाराने सिंधच्या व्यापाऱ्यांवर लिहिलेला ग्रंथ २००० साली केंब्रिजहून प्रसिद्ध झाला, आणि या विषयाला हात घालायचा तर तो वाचल्यावाचून गत्यंतर नाही. त्यातून दिसते ते असे की मुंबईहून हे लोक इजिप्तला गेले, कारण तिथे युरोपियन प्रवासी येत होते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि बोटींचा रस्ताच त्यांचा रस्ता झाला. पोर्ट सैद, माल्टा, जिब्राल्टर, कॅनरी बेटे. दुसऱ्या बाजूला कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, शांघाय, योकोहामा, कोबे. पलीकडे थेट पनामा. पोहूमल ब्रदर्स, वस्सियामल आसूमल ही त्यांतली बडी नावे. हळूहळू सिंधचा माल मागे पडला आणि चीन-जपानचे रेशीम पुढे आले. नाव मात्र तेच राहिले.

त्यांच्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला विलक्षण वाटते. कोबेतली पेढी असो की पनामातली, नोकर हैदराबादेतूनच नेमला जाई, साधारण अडीच-तीन वर्षांच्या कराराने. बायकामुले हैदराबादेतच राहत. करार संपला की माणूस घरी येई, काही महिने राही, पुन्हा कुठल्या तरी बंदराला जाई. जगभर पसरलेल्या धंद्याचे घर एकच होते आणि ते सिंध नदीच्या काठी होते.

आता बोटीच्या प्रवाशाचा विचार करा. बोट बंदराला लागली की त्याच्या हातात एखादा दिवस, कधी काहीच तास. एवढ्यात त्याला काहीतरी सुरेख, स्वस्त आणि आपल्या गावी न मिळणारे घ्यायचे आहे. वसाहतींतल्या शिंप्यांना हे वेळापत्रक चांगले माहीत होते. व्हरांड्यात मांडी घालून बसणारा दर्जी हा साहेबाच्या हिंदुस्थानातला ओळखीचा माणूस. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशातही त्याची नोंद आहे. मडमेने जुना झगा पुढे टाकायचा आणि त्याने तसाच नवा शिवायचा. नमुन्याच्या झग्याला ठिगळ होते म्हणून शिंप्याने नव्यालाही इमानेइतबारे ठिगळ लावले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ती चिनी शिंप्याबद्दल सांगतात, हिंदी शिंप्याबद्दलही सांगतात, आणि इतक्या बंदरांत घडल्याचे सांगतात की ती कुठेच घडली नसावी असे मला वाटते. गोऱ्या गिऱ्हाइकाला शिंपी हुशार असून चालत नव्हता, एवढेच तिच्यातून कळते. मुद्दा असा की झटपट शिलाईचा हा धंदा विमानाने जन्माला घातलेला नाही. तो बोटीच्या वेळापत्रकातून आला.

सिंध्यांचे हे जाळे तीन तडाख्यांनी बदलले. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात योकोहामा बेचिराख झाले आणि तिथले हिंदी रेशीम व्यापारी कोबेकडे सरकले. योकोहामाच्या यामाशिता बागेत हिंदी व्यापाऱ्यांनी शहराला कृतज्ञतेने दिलेली पाणपोई आजही उभी आहे. दुसरा तडाखा महायुद्धाचा. १९४१ च्या नाताळच्या दिवशी हाँगकाँग जपान्यांच्या हाती पडले. तिसरा तडाखा १९४७ चा. फाळणीने हैदराबाद पाकिस्तानात गेले आणि करार संपल्यावर परत जायचे घरच नाहीसे झाले. ज्यांचे नातलग निघू शकले ते मुंबईत आले, कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून त्या छावणीचे उल्हासनगर झाले. परदेशात होते ते आहेत तिथेच थांबले. अडीच वर्षांचा करार असा जन्माचा झाला.

हाँगकाँगमधल्या हरिलेला कुटुंबाची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. हरी हरिलेला यांचा जन्म १९२२ चा, सिंधच्या हैदराबादेतला. वडिलांचा धंदा बुडालेला, दक्षिण चीनमध्ये आणि हाँगकाँगात मुलांनी किरकोळ वस्तू विकून दिवस काढले. युद्धानंतर या भावांनी ब्रिटिश आणि पुढे अमेरिकन सैनिकांचे सूट शिवून देण्याचा धंदा उभारला. टपालाने मापे मागवून सूट धाडण्यापर्यंत तो वाढला. नंतर ते हॉटेलांच्या धंद्यात शिरले, आणि कौलून टाँगमध्ये सगळ्या भावांची कुटुंबे एका छपराखाली राहतील असा वाडा त्यांनी बांधला. विखुरलेल्या पेढ्यांच्या आणि एकट्या हैदराबादी घराच्या पार्श्वभूमीवर या वाड्याकडे पाहिले तर त्यात नुसती श्रीमंती दिसत नाही. १९५७ मध्ये मेलवानी कुटुंबाने नेथन रोडवर सुरू केलेले 'सॅम्स टेलर' तर पर्यटकांच्या यादीतच जाऊन बसले आहे. भिंतीवर नामांकित गिऱ्हाइकांचे फोटो आणि मध्ये माप घ्यायला जेमतेम जागा.

पण हे सारे दुकानदार. सिंधी माणूस कापड दाखवी, भाव ठरवी, इंग्रजीत गोड बोले, माप घेई. सूट शिवी तो दुसराच.

त्याच्याकडे जायचे तर निंगबोला जावे लागते. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने चीनची पाच बंदरे परकीयांना खुली झाली. त्यांत निंगबो होते आणि शांघायही. निंगबोच्या आसपासच्या खेड्यांतले शिंपी शांघायला गेले, परकीयांचे कोट उसवून त्यांची बेतणी शिकले आणि स्वतः पाश्चात्य कपडे शिवू लागले. चिनी लोक युरोपियनांना 'तांबड्या केसांचे' म्हणत. त्यावरून या शिंप्यांना 'होंगबांग', म्हणजे तांबडी टोळी, हे नाव पडले. चिनी झगा सपाट कापडाचा, शरीरावरून सरळ उतरणारा. पाश्चात्य कोट म्हणजे कापडाला वाफ आणि इस्त्री देऊन छातीचा, खांद्याचा आकार आणलेली जवळजवळ मूर्तीच. कॅनव्हास आणि घोड्याच्या केसांचे कापड आत घालून, हजारो आडव्या टाक्यांनी ते वरच्या कापडाशी बांधायचे. ही विद्या या माणसांनी दोन-तीन पिढ्यांत अशी आत्मसात केली की शांघायचा सूट ही एक प्रत झाली.

मे १९४९ मध्ये कम्युनिस्ट फौजा शांघायमध्ये शिरल्या. त्याच्या आगेमागे शहरातला पैसेवाला वर्ग दक्षिणेला निघाला. गिरणीमालकांनी तर विलायतेहून आणि अमेरिकेहून मागवलेली यंत्रे परस्पर हाँगकाँगकडे वळवली आणि तिथला सूतगिरणी उद्योग त्यातून उभा राहिला. गिरणीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला या चात्यांच्या स्थलांतराची गोष्ट फार मोहवते, पण तिला इथे आवर घालतो. मालकांमागून त्यांचे शिंपीही आले. १९४५ मध्ये हाँगकाँगची वस्ती सुमारे सहा लाख होती. पन्नासच्या सुमारास ती वीस लाखांवर गेली. डोंगरउतारावर पत्र्याच्या झोपड्या, एका खोलीत तीन-तीन कुटुंबे. या गर्दीत कात्री चालवणारा कसबी हात काही थोड्यांचाच, पण टीप मारायला, काजे करायला, इस्त्री धरायला लागतील तितके. शर्टांसाठी पुढे जगभर नाव झालेले 'ॲस्कॉट चँग' १९५३ मध्ये कौलूनमध्ये सुरू झाले, ते याच शांघायी परंपरेतले.

म्हणजे कौलूनच्या एका अरुंद दुकानात समोर घर गमावलेला सिंधी होता आणि मागच्या खोलीत घर गमावलेला शांघायी. दोघांची सामाईक भाषा बाजारी इंग्रजी, कामापुरती कँटोनीज. त्यांच्या मध्ये यॉर्कशरचे कापड. माझ्या वडिलांनी घेतले ते हे.

सूट दोन दिवसांत होई तो कसा, याचे उत्तर चमत्कारात नाही, कामाच्या वाटणीत आहे. सॅव्हिल रोवर कोट शिवणारा वेगळा, पँट शिवणारा वेगळा, हे तिथेही होतेच. इथे वाटणी आणखी बारीक झाली आणि मजुरी नगावर. संध्याकाळी माप, रात्री बेतणी, रात्रभर कच्ची शिलाई, सकाळी गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून खडूच्या खुणा, पुन्हा उसवणे, पुन्हा शिवणे. वडील सांगत की माप घेणारा माणूस नमुन्यांचे पुस्तक बगलेत मारून जहाजावरच चढे. नांगर पडला की पहिला तो आणि मागून भाजीवाला. कच्च्या कोटाची फिटिंग त्यांनी इंजिन रूमच्या दारात उभे राहून दिली होती. शिवणारा माणूस मात्र त्यांनी कधी पाहिला नाही. या साऱ्या वेगाचे मोल कुणीतरी रात्र जागून देत होते, आणि बिलात त्याचा वेगळा आकडा नव्हता.

गिऱ्हाईक कोण होते, हेही पाहायला हवे. १९५८ मध्ये काई तॉकची नवी धावपट्टी समुद्रात भराव घालून तयार झाली आणि जेट विमानांचे पर्यटक येऊ लागले, हे खरे. पण शिंप्यांचा खरा पोशिंदा होता सैनिक. आधी ब्रिटिश पलटणी, मग कोरियाचे युद्ध, मग अमेरिकेचे सातवे आरमार, मग व्हिएतनाम. व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकाला पाच दिवसांची सुट्टी मिळे आणि ती घालवायच्या शहरांत हाँगकाँग होते, बँकॉकही होते. पहिल्या दिवशी माप, तिसऱ्या दिवशी फिटिंग, पाचव्या दिवशी सूट. आयुष्यातला पहिला सूट वीस वर्षांच्या मुलाने लढाईवरून लढाईवर जाता-येता शिवून घेतला, आणि तो पुन्हा घालायला सगळेच परतले नाहीत.

अमेरिकेने डिसेंबर १९५० मध्ये लाल चीनच्या मालावर बंदी घातली होती. त्यामुळे हाँगकाँगात घेतलेले रेशमी किनखाब चिनी आहे की हाँगकाँगचे, असा पेच अमेरिकन प्रवाशापुढे उभा राही. त्यावर तोडगा म्हणून हाँगकाँग सरकार मूळ ठिकाणाचा दाखला देई. तो असला तरच माल अमेरिकेत शिरे. सुकवलेल्या बदकांनादेखील हा दाखला लागे. मला यात एक गंमत दिसते. रेशमाला सिद्ध करावे लागे की आपण चीनमधून आलेलो नाही, आणि ज्याने त्याचा झगा शिवला तो शिंपी चीनमधूनच आलेला असे. त्याला दाखला कुणी मागितला नाही.

आपल्याकडच्या प्रवाशाची तऱ्हा वेगळीच होती. परकीय चलनाची टंचाई होती आणि देशाबाहेर निघणाऱ्याच्या हातावर आठ डॉलर ठेवले जात, ते दिवस अनेकांना आठवत असतील. जहाजावरच्या माणसाला मात्र पगाराची काही उचल परक्या बंदरात मिळे. म्हणून साठीच्या दशकात मराठी घरांत 'फॉरेनचं कापड' आले ते बहुधा कोकणातल्या, गोव्यातल्या नाहीतर मुंबईतल्या खलाशांच्या ट्रंकांतून. जपानी नायलॉनची साडी, टेरिलीनचा शर्टपीस. बॅलार्ड पिअरवर कस्टमची भीती असे. वडील तो सूट अंगात घालून, मे महिन्याच्या उकाड्यात, घामाने निथळत उतरले होते, कारण अंगावरचा कपडा वापरलेला धरला जाई. घरी आल्यावर आईने आधी कॉलर धुतली. ज्यांच्याकडे खलाशी नव्हता ते मनीष मार्केटला जात, किंवा उल्हासनगरला. उल्हासनगरच्या मालावरचे 'यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आपण सर्वांनी केला आहे. तो विनोद करताना, कौलूनच्या दुकानातला सिंधी आणि कल्याणच्या बराकीतला सिंधी एकाच गल्लीतून निघाले असतील, हे मात्र आपल्या मनात आले नाही. माझ्या तरी आले नव्हते.

२०१५ मध्ये मुलगी नोकरीनिमित्त हाँगकाँगला होती, म्हणून मी तिथे तीन आठवडे राहिलो. फोनवर त्या पट्टीचा फोटो होता. वडिलांच्या बिलावरचे दुकान नव्हते. त्या जागी घड्याळांची काचेची दुकाने आहेत. नेथन रोडवर मात्र अजून दहा पावलांना एक जण "सूट, सर? टेलर, सर?" म्हणत आडवा येतो. मी हौसेने, थोडा अभ्यास म्हणूनही, एकाकडे चोवीस तासांत सूट शिवून घेतला. दुकानाचे नाव सांगत नाही. दिसायला झकास. पुण्यात दुसऱ्या धुलाईनंतर छातीवर कापडाला फोड आल्यासारखे बुडबुडे आले. मास्तरांनी चिमटीत धरून पाहिले आणि "चिकटवलेलं आहे" एवढेच म्हणाले. आतले अस्तर टाक्यांनी बांधलेले नव्हते, इस्त्रीच्या उष्णतेने डकवलेले होते. माया पाऊण इंचही नव्हती. वडिलांचा सूट अठ्ठेचाळीस तासांतला, माझा चोवीस तासांतला. फरक चोवीस तासांचा, पण त्यात एक सबंध कारागिरी गळून पडली होती. सगळी दुकाने अशी नाहीत, हेही लगेच सांगितले पाहिजे. चार-चार फिटिंग करणारे, आठवडे घेणारे, पैसेही त्या मानाने घेणारे शिंपी तिथे आजही आहेत. झटपट सूटाचे पर्यटन मात्र आता बँकॉकला आणि व्हिएतनाममधल्या होई आनला अधिक गेले आहे.

एका जुन्या दुकानातल्या वृद्ध सिंधी गृहस्थांनी मला बसवून घेतले, चहा दिला. हिंदी उत्तम, त्यात मुंबईचा हेल. बहीण उल्हासनगरला होती, म्हणाले. मी बिलावरची सही दाखवली. त्यांनी ती मोठ्याने वाचली, पण माणूस ओळखीचा निघाला नाही. मग मी पट्टीचा फोटो दाखवला. ते उठून मागे गेले आणि एका म्हाताऱ्या कटरला घेऊन आले. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाशी नेला आणि इंग्रजीत म्हणाला, "थर्टी फोर." तीन उभ्या रेघा म्हणजे तीन, फुली म्हणजे चार. चिनी व्यापाऱ्यांची आकडे लिहायची ही जुनी पद्धत, बाजारात भाव लिहायला वापरत ती. वडिलांची कंबर.

आणि खालचे अक्षर? ते आडनाव होते. नगावर मजुरी, म्हणून कुणाची पँट कुणाच्या हिशेबात जायला नको. कटरने ते 'चॅन' असे वाचले. मुलीच्या ऑफिसातली बीजिंगची मैत्रीण ते 'चेन' वाचते. निंगबोकडे त्याचा उच्चार आणखी वेगळा होत असणार. अक्षर एकच. चिनी लिपीत माणूस कुठल्या गावचा ते आडनावावरून कळत नाही, आणि हे आडनाव तर आपल्याकडच्या जाधव-पाटलांहून कितीतरी अधिक आढळणारे. म्हणजे वर मी निंगबो आणि शांघायचा जो सविस्तर इतिहास सांगितला, तो या पट्टीवरच्या माणसाला लागू आहे की नाही, ते मी ठामपणे म्हणू शकत नाही. तो शांघायहून आलेला असेल. सीमेपलीकडून पोहत आलेला असेल. हाँगकाँगातच जन्मलेला असेल. सिंधी पेढ्यांचे करारनामे आहेत, हिशेब आहेत, त्यांवर ग्रंथ आहेत. याच्याबद्दल आहे ते एवढेच, पेन्सिलीचे एक अक्षर, तेही पगारापुरते.

मी कटरला विचारले, हा शांघायचा असेल का? त्याने फोटो मोठा करून टाके पाहिले. बराच वेळ पाहिले. मग दुकानदाराला कँटोनीजमध्ये काही म्हणाला. त्यांनी मला हिंदीत सांगितले, "बोलता है, हाथ अच्छा है."

परत आल्यावर मी पँट आणि कोट पुन्हा मास्तरांकडे नेले. कमर पावणेदोन इंच सैल झाली. उरलेल्यासाठी मी पोट आत घ्यायचे, असे ठरले. कोटाच्या बाजूच्या शिवणी त्यांनी सोडल्या. आतले कापड पन्नास वर्षे उन्हाशिवाय राहिल्याने बाहेरच्यापेक्षा गडद निघाले, आणि तेवढ्या दोन पट्ट्या आता दोन्ही कुशींना उभ्या दिसतात. कमरपट्टी बंद करताना मास्तरांनी विचारले, "हे लिहिलेलं झाकू का?" मी नको म्हटले. त्यांनी तेवढी चार बोटे जागा पक्की न शिवता धावदोऱ्याने टाचून दिली, ओढला की निघेल असा.